कोणत्या बाजूचे संगीत? : ‘केंटकी’ या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने

कलेचा एखादा आकृतिबंध मुळातच प्रतिगामी असतो काय, हा प्रश्न आपल्या चळवळीत वारंवार निघतो. ज्या रूपातून माणसाचा द्वेष गायला गेला ते रूप माणसाच्या बाजूने वापरता येईल काय, की ते टाकूनच द्यावे? या प्रश्नाचा विचार मी येथे एका दूरच्या उदाहरणावरून करणार आहे. ऑस्टिन लन या अमेरिकन कलावंताने ‘पॅनॉप्टिकॉन’ या नावाने २०१२ मध्ये ‘केंटकी’ ही ध्वनिमुद्रिका काढली. (एकाच पहारेकऱ्याला सर्व कैद्यांवर नजर ठेवता यावी, असा तुरुंगाचा आराखडा बेंथमने मांडला होता. ‘पॅनॉप्टिकॉन’ हे त्याचे नाव.) तिचा संगीतप्रकार ‘ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल’. पण तिच्यात ॲपलाचियाच्या डोंगराळ मुलखातले ब्लूग्रास, लोकगीते आणि खाणकामगारांची संपगीते एकत्र आली आहेत. ही सरमिसळ का झाली, हे समजण्यासाठी दोन इतिहास पाहावे लागतात.

पहिला इतिहास ब्लॅक मेटलचा. हे नाव ‘व्हेनम’ या इंग्लिश वाद्यवृंदाच्या १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेवरून आले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी नॉर्वेतल्या तरुणांनी त्याला आजचे रूप दिले : अखंड कोसळणारे ढोल, गिटारीचा दाट कल्लोळ, आणि शब्द ओळखू येणार नाही अशी किंकाळी. त्यातली गाणी लांबली, एकच स्वरावली पुन्हा पुन्हा येऊन अरण्याचा, हिवाळ्याचा भास देऊ लागली, तेव्हा त्याला ‘ॲटमॉस्फेरिक’ म्हणू लागले. या नावातल्या ‘काळ्या’चा काळ्या माणसाशी काही संबंध नाही. तो काळेपणा सैतानाचा आणि रात्रीचा आहे. १९९२ मध्ये बर्गनजवळचे फान्टॉफ्टचे जुने लाकडी चर्च जळाले आणि पुढे अनेक चर्चे जाळली गेली. ‘एम्परर’ या वृंदाच्या ढोलवादकाने त्याच वर्षी एका समलिंगी पुरुषाचा खून केला. १९९३ मध्ये ‘बुर्झुम’च्या वर्ग विकर्नेसने ‘मेहेम’च्या ऑयस्टाइन ऑर्सेथला ठार मारले. याच विकर्नेसने पुढे उघडपणे वंशवादी विचार मांडले, आणि या संगीतात नाझी विचारांचा एक प्रवाहच तयार झाला. चर्चे जाळणे हा धर्मसत्तेविरुद्धचा विद्रोह आहे, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. परंतु ज्या विद्रोहाला शोषितांशी देणेघेणे नसते तो वंशद्वेषाकडे किती लवकर वळतो, हे येथे स्पष्ट दिसते.

दुसरा इतिहास केंटकी राज्यातल्या हार्लन परगण्याचा. खाणकामगार राहत ती घरे कंपनीची, दुकान कंपनीचे, आणि पुष्कळदा मजुरीही कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या टोकनांत मिळे. १९३१ च्या फेब्रुवारीत मजुरी दहा टक्क्यांनी कापली गेली. कामगार संघटित होऊ लागताच त्यांना कामावरून काढले, घरांतून बाहेर काढले. ५ मे १९३१ रोजी एव्हर्ट्स येथे कंपनीचे सशस्त्र रक्षक आणि कामगार यांच्यात गोळीबार झाला आणि चार माणसे पडली. शेरीफ जे. एच. ब्लेअर याने कायद्याची सगळी ताकद खाणमालकांच्या पायाशी ठेवली होती. त्याची माणसे सॅम रीस या संघटकाला शोधत त्याच्या घरात शिरली. सॅम नव्हता. घरात होती त्याची बायको फ्लॉरेन्स आणि मुले. ती माणसे गेल्यावर फ्लॉरेन्सने भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान फाडले आणि त्यावर गाणे लिहिले : ‘व्हिच साइड आर यू ऑन?’, म्हणजे ‘तू कोणत्या बाजूचा?’ चाल जुनीच, लोकांच्या ओठांवरची. लिहिणारी बाई खाणकामगाराची मुलगी आणि खाणकामगाराची बायको होती.

लनने आपल्या ध्वनिमुद्रिकेत हे गाणे घेतले आहे. त्याच्याबरोबर ‘कम ऑल ये कोल मायनर्स’ आणि ‘ब्लॅक वॉटर्स’ ही गाणीही आहेत. पहिले सारा ओगन गनिंगचे. तिचा नवरा क्षयाने गेला, पोटची मुलेही त्या दारिद्र्यात गेली. दुसरे जीन रिचीचे, उघड्या खाणकामाने काळ्या झालेल्या पाण्याविषयीचे. म्हणजे या ध्वनिमुद्रिकेतली तिन्ही जुनी गाणी स्त्रियांची आहेत. जीन रिचीला खाणींविषयीची काही गाणी ‘थॅन हॉल’ या पुरुषी नावाने प्रसिद्ध करावी लागली होती. ब्लॅक मेटल हे बव्हंशी पुरुषांचे आणि पुरुषी बळाचा माज मिरवणारे संगीत. त्याच्या ऐन मध्यावर या तीन बायकांची साक्ष ठेवणे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता रचनेकडे पाहू. ध्वनिमुद्रिकेत आठ तुकडे आहेत. ‘ब्लॅक सूट अँड रेड ब्लड’, ‘किलिंग द जायंट्स ॲज दे स्लीप’ यांसारख्या लांब तुकड्यांत गिटार आणि ढोल यांचा प्रलय आहे. त्यातला गायकाचा शब्द कळत नाही, संताप तेवढा कळतो. पण संतापाला कारण असते, आणि कारण सांगायला शब्द लागतो. म्हणून लन मध्येच वादळ थांबवतो आणि खाणकामगारांचे, डोंगरकापणीला विरोध करणाऱ्यांचे ध्वनिमुद्रित बोल ऐकवतो. संपगीते येतात तेव्हा बँजोच्या साथीने, स्वच्छ आवाजात येतात. त्यांतला प्रत्येक शब्द ऐकू येतो. मी ही ध्वनिमुद्रिका अनेकदा ऐकली आणि दर वेळी हेच जाणवले. स्वतःचे शब्द कलावंताने कल्लोळात बुडू दिले, श्रमिकांचे शब्द मात्र बुडू दिले नाहीत. माझ्या मते बांधिलकी ती हीच. तमाशाच्या साच्यातून आंबेडकरी जलसा कसा घडला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातले मर्म निराळे सांगायला नको.

ही लढाई १९३१ बरोबर संपली नाही. १९७३ मध्ये हार्लनमधल्या ब्रुकसाइड खाणीत संप झाला आणि तो तेरा महिने चालला. न्यायालयाने पिकेटिंग करणाऱ्या कामगारांच्या संख्येवर बंधन घातले, तेव्हा बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या. लॉरेन्स जोन्स हा तरुण कामगार गोळी लागून मेल्यानंतर करार झाला. बार्बरा कॉपलच्या ‘हार्लन काउंटी, यूएसए’ (१९७६) या माहितीपटात वृद्ध फ्लॉरेन्स रीस आपले गाणे गाताना दिसते. जमिनीचीही तीच कथा. जुन्या खरेदीखतांत शेतकऱ्याने जमिनीखालचा कोळसा विकलेला असे. त्या खताच्या आधारे कंपन्या पुढे वरची शेतेही यंत्रांनी खरवडू लागल्या, आणि न्यायालयांनी ते वैध मानले. १९८८ मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून त्याला आळा घातला. तोवर कितीतरी डोंगर गेले होते. २०१९ मध्ये थकलेल्या पगारासाठी हार्लनचे कामगार कोळशाच्या गाडीसमोर रुळांवर बसले.

परंतु या ध्वनिमुद्रिकेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘बॉडीज अंडर द फॉल्स’ या तुकड्यात चेरोकींच्या कत्तलीची स्थानिक कथा आहे. तिच्या तपशिलाबद्दल मतभेद आहेत, पण मूळ रहिवाशांना हुसकावून ही भूमी घेतली गेली, हे लनने प्रथमच सांगून टाकले, हे योग्य झाले. काळ्या खाणकामगाराचा इतिहास मात्र त्याचा विषय होत नाही. हार्लनमधल्याच लिंच या कंपनीनगरात दक्षिणेतून आणलेले काळे कामगार राबत होते. खाणीत खांद्याला खांदा, वर आल्यावर वस्ती वेगळी, शाळा वेगळी. १९३१ मध्ये हार्लनमध्ये उतरलेली नॅशनल मायनर्स युनियन वांशिक समतेचा आग्रह धरत होती, हेही विसरता येत नाही. श्रमाचा इतिहास लिहिताना वर्ग दिसतो आणि वर्ण निसटतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

मात्र फ्लॉरेन्सचे गाणे स्वतः त्या भिंतीपाशी अडले नाही. १९६१ मध्ये फ्रीडम रायडर्सना मिसिसिपीत तुरुंगात टाकले, तेव्हा जेम्स फार्मरने त्याच चालीवर काळ्यांच्या मुक्तीचे शब्द बांधले. गोऱ्या खाणकामगार बाईचे गाणे काळ्या सत्याग्रहींच्या कोठडीत पोचले, आणि अर्ध्या शतकानंतर नाझींनी विटाळलेल्या एका संगीतात येऊन त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. आकृतिबंध कोणाच्या बापाचा नसतो. त्यात कोणाचा शब्द ऐकू येतो आणि कोणाचा दाबला जातो, यावरून त्याची बाजू ठरते. ‘केंटकी’लाही हीच कसोटी लावावी. तिच्यात तीन बायकांचा शब्द ऐकू आला. लिंचच्या काळ्या कामगाराचा अजून यायचा आहे.