क्षीण स्वर आणि अनेक कान : रेडिओ-टॅगचा इतिहास

ग्रंथाची ओळख हा ग्रंथालयाच्या कारभारातील पायाभूत प्रश्न होय. दाखल नोंदवहीतील क्रमांक, पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेली तारखांची चिठ्ठी आणि पुढे आलेली बारकोडची पट्टी या त्या ओळखीच्या क्रमाक्रमाने बदलत गेलेल्या खुणा. विसाव्या शतकाच्या अखेरीस या मालिकेत कागदासारख्या पातळ रेडिओ-टॅगची भर पडली. सिंगापूरच्या बुकिट बाटोक येथील सार्वजनिक ग्रंथालयात १९९८ साली त्याचा प्रयोग सुरू झाला. या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडर नावाच्या यंत्राने पाठवलेल्या ऊर्जेवरच तो जागा होतो आणि आपला क्रमांक कळवतो. अशा परावलंबी टॅगचे म्हणणे न चुकता ऐकावे कसे, या प्रश्नाने संशोधकांना एकाऐवजी अनेक अँटेनांकडे नेले.

या तंत्राचा एक पूर्वज हेरगिरीच्या इतिहासात सापडतो. १९४५ साली मॉस्को येथील अमेरिकन राजदूतांना सोव्हिएत मुलांच्या हस्ते लाकडात कोरलेले राजचिन्ह भेट देण्यात आले. त्यात लिऑन थेरेमिन यांनी रचलेले, वीजपुरवठ्याची गरज नसलेले श्रवणयंत्र दडवले होते. बाहेरून रेडिओ तरंग सोडले की खोलीतील संभाषण त्या तरंगांच्या परावर्तनातून बाहेर पोहोचे. १९५२ पर्यंत हे यंत्र सापडले नाही. दरम्यान १९४८ साली हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीच्या साहाय्याने संदेशवहन करण्याच्या कल्पनेची शास्त्रीय मांडणी प्रसिद्ध केली. तथापि ती व्यवहारात उतरवण्यास लागणारी सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक साधने तेव्हा नव्हती. १९७५ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या कोएल, डेप आणि फ्रेमन या संशोधकांनी परावर्तित तरंगांत फेरफार करून ओळख पटवण्याची पद्धती प्रसिद्ध केली, आणि आजच्या टॅगचा मार्ग मोकळा झाला.

मात्र मूळची अडचण निसर्गनियमातच होती. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की टॅगपर्यंत पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते. तीच परावर्तित होऊन रीडरकडे परतते तेव्हा एक सोळांश उरते. त्यात भिंती, लोखंडी कपाटे आणि माणसे यांवरून तरंग उसळतात. काही ठिकाणी ते एकमेकांस बळ देतात, तर काही ठिकाणी एकमेकांस पुसून टाकतात. ८६५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. त्यामुळे वीतभर अंतरावरही ‘ऐकू येणारी’ जागा संपून ‘मुकी’ जागा लागू शकते. शिवाय हा धोका जाताना एकदा आणि येताना पुन्हा, असा दुहेरी असतो. रीडरची शक्ती वाढवून तो टळत नाही, कारण त्या शक्तीवर शासकीय नियमांची मर्यादा असते.

यावरील उपाय रेडिओच्या जुन्या अनुभवात होता. न्यूयॉर्कनजीक रिव्हरहेड येथे बेव्हरेज आणि पीटरसन यांनी परस्परांपासून दूर उभारलेल्या अँटेनांनी समुद्रापलीकडचे संदेश घेण्याची पद्धती सिद्ध केली व १९३१ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. एका अँटेनाचा आवाज खोल गेला तरी त्याच क्षणी सर्वच अँटेना मुक्या होण्याचा संभव थोडा, हे तिचे मर्म. पुढे १९९२ साली अरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अनेक अँटेनांतून एकाच वेळी स्वतंत्र संदेशप्रवाह पाठवण्याच्या कल्पनेचे एकस्व मागितले. ते १९९४ साली मिळाले. कैलाथ यांचा जन्म पुण्याचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षणही तेथलेच. पॉलराज यांनी भारतीय नौदलात असताना लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेतले, आणि पुढे अनेक ‘कानांनी’ पाण्याखालचा वेध घेणाऱ्या सोनार यंत्रणेच्या उभारणीचे नेतृत्व केले.

हे दोन प्रवाह एकविसाव्या शतकाच्या आरंभी एकत्र आले. २००१ साली मेरी ॲन इंग्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परावर्तनावर चालणाऱ्या दुव्यांसाठी अनेक अँटेनांचा विचार मांडला. २००८ साली जॉर्जिया टेक या संस्थेतील ग्रिफिन आणि डर्गिन यांनी दाखवले की टॅगवरही एकाहून अधिक अँटेना बसवल्यास संदेश लोपण्याचे प्रमाण घटते. आणि रीडरने पाठवण्यासाठी व ऐकण्यासाठी निराळ्या अँटेना वापरल्यास जाण्याच्या व येण्याच्या वाटा एकदमच बिघडण्याचा संभव कमी होतो. परंतु दोन अँटेनांत साधारण अर्ध्या तरंगलांबीचे अंतर हवे. ८६५ मेगाहर्ट्झला ते सतरा सेंटिमीटर भरते, आणि पुस्तकातील चिमुकल्या टॅगवर इतकी जागा कोठून आणावी? यासाठीच काही प्रयोग ५.८ गिगाहर्ट्झला झाले, जेथे संपूर्ण तरंगलांबीच जेमतेम पाच सेंटिमीटर असते. व्यवहारात मात्र अनेकत्वाचा भार बहुधा रीडरनेच उचलला.

ग्रंथालयांत रूढ झालेले टॅग बहुतांशी १३.५६ मेगाहर्ट्झचे असतात. ते दूरच्या परावर्तनावर नव्हे, तर तारेच्या वेटोळ्यांतील चुंबकीय जोडणीवर चालतात. तेथे प्रश्न दिशेचा असतो. पुस्तक आडवे धरले वा तिरके, यानुसार टॅगचे वेटोळे क्षेत्राला समांतर येते आणि ऊर्जाच घेत नाही. म्हणून प्रवेशद्वारावरील खांबांत एकाहून अधिक वेटोळी बसवून क्षेत्राची दिशा आळीपाळीने बदलावी लागते.

ही सूक्ष्मता केवळ यंत्रज्ञांच्या कुतूहलाची नाही. परत आलेल्या पुस्तकाचा टॅग वाचला गेला नाही, तर ते वाचकाच्या नावावर थकीत राहते. साठा मोजताना हुकला, तर मांडणीवर उभा असलेला ग्रंथ ‘गहाळ’ ठरतो. दोष तेव्हा पुस्तकाचा नसतो आणि वाचकाचाही नसतो. एकाच जागी उभे राहून ऐकणाऱ्याचा असतो. म्हणून नोंदीत गहाळ लिहिण्यापूर्वी ग्रंथपालाने मांडणीपाशी जाऊन एकदा डोळ्यांनी पाहावे, ही जुनी शिस्त नव्या यंत्रांच्या काळातही तितकीच आवश्यक आहे.