हार्ड डिस्क : बिघाड आणि बदल

हार्ड डिस्क : चुंबकीय लेप दिलेल्या, वेगाने फिरणाऱ्या तबकड्यांवर माहिती साठवणारा संगणकाचा भाग. तो बिघडला की तीन कामे समोर येतात : दोष ओळखणे, आतली माहिती बाहेर काढणे आणि नवा भाग निवडणे. जळगाव-धुळ्याच्या काउंटरवर या तिन्हींना मिळून 'डिस्क गेली' एवढे दोन शब्द पुरतात. अहिराणी बोलणारे गिऱ्हाईक 'गयी' म्हणते. मात्र गेली म्हणून आणलेल्या डिस्कांपैकी काही नुसत्या रुसलेल्या असतात, आणि काही खरोखर आजारी डिस्क दुरुस्तीच्या उत्साहात कायमच्या जातात.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवरचा एक फोटो तेवढी जागा खातो. टेबलावरच्या संगणकातली साडेतीन इंची डिस्क बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीची कड तेव्हा ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावत असते आणि वाचणारे-लिहिणारे हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. हे हेड तबकडीला टेकले की लेप खरवडला जातो, आणि खरवडलेल्या जागेवरची माहिती कोणतीही प्रयोगशाळा परत देऊ शकत नाही.

खान्देशात पहिला आळ उन्हावर येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांना टेकतो, तेव्हा हा आळ स्वाभाविकही आहे. पण गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात उष्णता आणि बिघाड यांचे नाते अपेक्षेपेक्षा बरेच सैल निघाले. तापमान फार चढल्यावर आणि डिस्क जुनी झाल्यावरच ते ठळक दिसले. अर्थात त्या डिस्क डेटा सेंटरच्या थंडाव्यातल्या होत्या, पत्र्याच्या शेडमधल्या नव्हेत. अनेक घरगुती डिस्कांना कंपन्या ६० अंशांची मर्यादा देतात. खोलीतली हवाच ४३ अंशांची असेल तर बंद कॅबिनेटमधल्या डिस्कला ती मर्यादा फार लांब राहत नाही. ऊन दोषी आहे, पण त्याचे साथीदार जास्त दोषी आहेत.

त्यांतली एक धूळ. जिनिंगच्या हंगामात कापसाची रुई कॅबिनेटच्या जाळीवर गादीसारखी बसते. डिस्कच्या आत ती शिरत नाही, कारण झाकणावरच्या बारीक श्वासछिद्राला आतून गाळणी असते. मात्र पंखे गुदमरतात, वीजपुरवठ्याचा डबा (एसएमपीएस) तापतो आणि डिस्कला मिळणारा १२ आणि ५ व्होल्टचा पुरवठा डळमळू लागतो.

दुसरी वीज. भारनियमनाच्या वर्षांनी इथल्या दुकानदारांना इन्व्हर्टर घ्यायला लावले, तरी दिवे इन्व्हर्टरवर आणि संगणक थेट बोर्डावर, ही मांडणी आजही दिसते. वीज अचानक गेली तर फिरत्या मोटरच्या उरलेल्या वेगातून मिळणाऱ्या विजेवर डिस्क आपले हेड सुरक्षित जागी नेते. अभियंत्यांनी तेवढी सोय केलेली आहे. अर्धवट राहिलेल्या लिखाणाला मात्र ती सोय नाही. विंडोज सुरूच होत नाही, टॅली उघडताना चूक दाखवते आणि डिस्कवर खापर फुटते. प्रत्यक्षात बिघडलेली असते ती फाइल.

वीज परत येतानाचा झटका वेगळे काम करतो. डिस्कच्या खालच्या हिरव्या पट्टीवर, वीज घेणाऱ्या टोकाजवळ, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे दोन काळे डायोड असतात. व्होल्टेज वर गेले की ते स्वतः शॉर्ट होतात आणि पुढचे सर्किट वाचवतात. अशी डिस्क जोडली की ती फिरत नाही, आवाज करत नाही, कधी कधी सगळा संगणकच सुरू होत नाही. जाणता कारागीर मल्टिमीटर लावतो, दोन्ही दिशांनी बीप आला की तो डायोड काढतो, आणि मेलेली डिस्क फिरू लागते. आता तिला कवच उरलेले नसते, म्हणून ती फक्त माहिती काढण्यापुरती चालवायची. पूर्वी अशा वेळी तसल्याच दुसऱ्या डिस्कची पट्टी काढून बसवत. अलीकडच्या डिस्कांत एका आठ पायांच्या चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कची मोजमापे साठवलेली असतात. ती चिप सोबत हलवली नाही तर नुसत्या पट्टीचा बहुधा उपयोग होत नाही.

निदान कानापासून सुरू होते. एकसारखी 'टक्-टक्' म्हणजे हेड आपली जागा शोधते आहे आणि सापडत नाही : वीज ताबडतोब बंद. यानंतर जेवढ्या वेळा ती 'एकदा पाहू' म्हणून सुरू होईल तेवढी तबकडी खरवडण्याची भीती वाढते. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय अजून सांगितला जातो. पावसाळ्याच्या दमट हवेत थंड तबकडीवर दव धरण्याखेरीज त्यातून बहुधा काही निघत नाही. तबकड्या उघडायच्या तर धूळमुक्त खोली लागते, आणि पार्सल मुंबई-पुण्याकडे निघते.

आवाज नीट असेल तर आधी केबल बदलावी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्राम ती दाखवतो. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर संशय केबलवर, ५ आणि १९७ वाढत असतील तर तबकडीवर. गूगलच्या त्याच अभ्यासात, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कांच्या ३९ पट निघाली. उलट, बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांत स्मार्टच्या चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही नव्हता. म्हणून 'गुड' हा निळा शब्द पाहून निर्धास्त होणारे फसतात.

खराब सेक्टर दिसल्यावर काउंटरवर हमखास चालवली जाते ती चेकडिस्क. आजारी डिस्कवर ती चालवणे ही या व्यवसायातली सर्वांत महागडी चूक असावी, कारण ती डिस्कला घासून वाचते आणि वर दुरुस्ती म्हणून लिहितेही. आधी नक्कल काढावी. डीडीरेस्क्यू हा लिनक्सवरचा प्रोग्राम सोपे भाग आधी उचलतो, अवघड जागा शेवटी ठेवतो. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकरचे कुलूप असेल तर नक्कल निघूनही किल्लीवाचून काही उघडत नाही.

नक्कल की नवे विंडोज, हा प्रश्न लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे बिकट होतो. पेजमेकरच्या फाइली, श्रीलिपीचे युनिकोडपूर्व फाँट, पंधरा वर्षांचे मजकूर. फाँट गेले की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा उमटतो, आणि मूळ सीडी कुणालाच सापडत नाही. अशा ठिकाणी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल हाच व्यवहार्य मार्ग. अडत दुकानातल्या टॅलीचे तसे नाही : तिथे प्रत्येक कंपनीचे आकड्याच्या नावाचे फोल्डर हाती आले की बहुतेक काम झाले.

नवी घेताना पहिला निर्णय सोपा आहे. विंडोज ज्यावर चालणार ती जागा एसएसडीची, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या भागाची. साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत वाचते, फिरती डिस्क दीडशे-दोनशे. पण खरा फरक बारीक फाइली शोधण्यात पडतो. एम.२ पट्टी घेण्याआधी मदरबोर्ड पाहावा : साटा आणि एनव्हीएमई पट्ट्या दिसायला जुळ्या बहिणी, आणि एकीच्या खाचेत दुसरी बसली तरी चालेलच असे नाही. एसएसडी न टकटकता मरते. तिच्यावरून पुसलेली फाइल ट्रिम नावाच्या सोयीमुळे बहुतेक वेळा परत येत नाही, आणि ती वीज न देता तापलेल्या कपाटात वर्षानुवर्षे ठेवणेही बरे नव्हे.

जुने फोटो आणि हिशेब ठेवायला फिरती डिस्क अजून स्वस्त पडते. ती आता जगात तीनच कंपन्या बनवतात : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. घेताना सीएमआर की एसएमआर हे विचारावे. एसएमआरमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे सतत लिहिताना ती अडखळते. जळगावच्या सराफ बाजारातल्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर रात्रंदिवस लिहितच असतो. त्यासाठी सर्व्हेलन्सची वेगळी डिस्क मिळते आणि तिचे जास्तीचे पैसे वसूल होतात. सीलबंद म्हणून दिलेल्या डिस्कचे 'पॉवर ऑन अवर्स' दुकानातच पाहावेत. १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवते, ती मात्र फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ ने.

वॉरंटीत बदलून मिळणारी डिस्क हवी तर जुनी परत द्यावी लागते, आतल्या हिशेबांसकट. म्हणून काही व्यापारी वॉरंटीवर पाणी सोडून जुनी फोडून टाकतात. फोडलेल्या डिस्कमधून निओडिमियमचे दोन चंद्रकोरीसारखे चुंबक निघतात. दुरुस्तीच्या टेबलाच्या पत्र्याला ते चिकटवलेले असतात, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅबिनेटचे स्क्रू काढले की त्यांच्यावर ठेवले जातात.