त्रिविक्रम मंदिर, तेर

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील विटांचे प्राचीन मंदिर. तेरणा नदीकाठचे हे गाव म्हणजे पूर्वीचे तगर. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगराहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. बौद्ध धर्माला व्यापाऱ्यांचा मोठा आश्रय असल्याने अशा सधन व्यापारी नगरात बौद्ध वास्तू उभ्या राहणे स्वाभाविकच होते. उत्खननातही येथे त्यांचे अवशेष मिळाले.

मंदिराचा गाभारा आयताकृती असून त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार आहे. छप्पर गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखे. त्याच्या दर्शनी टोकाला चैत्यगवाक्षाची नालाकृती कमान असून ती मंडपाच्या सपाट छतावर उठून दिसते. मंडप मागाहून जोडलेला आहे. कार्ले-भाजे येथील लेण्यांत कातळात कोरलेला चैत्यगृहाचा, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाचा, आकार येथे वीट-वीट रचून उभा केला आहे. महाराष्ट्रात शेकडो लेणी टिकली, पण बांधीव चैत्यगृहे जवळपास सगळी नष्ट झाली. म्हणून या लहानशा वास्तूचे मोल फार मोठे. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर याच घडणीचे आहे.

हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. ते बहुमान्य असले, तरी वैष्णव मंदिरच प्रारंभापासून चैत्याच्या धर्तीवर बांधले असावे, असेही काही अभ्यासक मानतात. आज गाभाऱ्यात पाय उंचावलेल्या त्रिविक्रमाची पाषाणमूर्ती असून तिची नित्य पूजा होते.