नांदेड ते लातूर, दिल्लीमार्गे

संगणकाच्या जाळ्यात वाट कुठे चुकली हे शोधायचे मुख्य साधन जवळजवळ चाळीस वर्षे जुने आहे. त्याच्याही आधी, डिसेंबर 1983 मध्ये, माइक म्यूस या अमेरिकी संशोधकाने ‘पिंग’ लिहिला. पलीकडचा संगणक ओ देतो की नाही आणि द्यायला किती वेळ लावतो, एवढेच तो सांगे. ओ आली नाही तर वाटेत कुठे बिनसले हे त्यावरून कळत नसे. ती उणीव व्हॅन जेकबसन यांच्या ‘ट्रेसराउट’ने चारेक वर्षांत भरून काढली. जाळ्यात निघालेल्या माहितीच्या प्रत्येक पॅकेटला टप्प्यांची ठरावीक शिदोरी बांधून दिलेली असते. वाटेतला प्रत्येक राउटर तिच्यातला एक घास काढून घेतो आणि शिदोरी संपली की ते पॅकेट तिथेच टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. चुकलेली पॅकेटे अनंतकाळ गोल गोल फिरू नयेत म्हणून केलेली ही सोय. जेकबसन यांनी मुद्दाम आधी एका घासाची शिदोरी दिली, मग दोन, मग तीन. वाटेत उपाशी पडलेल्या एकेका पॅकेटामागे एकेका राउटरचा पत्ता हाती आला. मात्र ही यादी वाट ‘कुठून’ गेली एवढेच दाखवते. ती तिथूनच का गेली, हे कळायला त्या मुलखाचा दळणवळणाचा इतिहास वाचावा लागतो, आणि नांदेड-लातूर ही जोडी त्याचा चांगला पुरावा आहे.

दोन्ही गावांत रस्त्याने सुमारे 140 किलोमीटरचे अंतर आहे. लातूर जिल्हा 1982 मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘निकनेट’ देशभरच्या जिल्हा मुख्यालयांत पोचू लागले. जिल्ह्यात एक छोटी उपग्रह तबकडी आणि दिल्लीत मुख्य भूकेंद्र, अशी त्याची रचना होती. सगळे धागे दिल्लीत मिळत असल्याने एका जिल्ह्याचा संदेश शेजारच्या जिल्ह्याला जायचा तर आधी 36,000 किलोमीटर वर, तिथून दिल्लीला खाली, पुन्हा तेवढाच वर आणि पुन्हा खाली. म्हणजे 140 किलोमीटरसाठी 1 लाख 44 हजार किलोमीटरचा द्राविडी प्राणायाम, आणि उत्तर यायला सेकंदभर. अशा जाळ्यावर ट्रेसराउट चालवला तरी यादीत उपग्रह दिसणार नाही, कारण आरशासारखा परतवणारा उपग्रह शिदोरीतला घास घेत नाही. दिसेल ती फक्त दिल्ली. आकाशातल्या फेऱ्याचा सुगावा लागेल तो वेळेवरून. या रचनेला मूर्खपणा म्हणणे सोपे आहे. पण ते जाळे जिल्ह्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून बांधलेलेच नव्हते. जिल्ह्यांची आकडेवारी वर राजधानीत पोचावी म्हणून बांधले होते, आणि ते काम ते करत होते.

हीच गोष्ट त्याआधी लोखंडात घडून गेली होती. 1900 च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन सिकंदराबादहून निघून नांदेड, परभणी, औरंगाबाद करत मनमाडला मिळाली. निजामाची राजधानी एका टोकाला आणि इंग्रजांची मुंबई लाइन दुसऱ्या टोकाला, असा तिचा हिशेब. लातूरही निजामाच्याच राज्यात होते. पण त्याच्या वाट्याला आली एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे, 762 मिलिमीटरची नॅरोगेज. 1897 मध्ये बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून ती बार्शीला गेली आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. तिचे तोंड पश्चिमेला. परिणामी रेल्वेने नांदेडचा माल लातूरला न्यायचा तर मनमाडला मीटरगेजमधून उतरवा, ब्रॉडगेजवर चढवा, दौंडवरून कुर्डुवाडी गाठा, तिथे पुन्हा उतरवा आणि नॅरोगेजच्या डब्यांत भरा. सिकंदराबादवरून फिरले तरी हमालीचे हेच दोन टप्पे. माल अडला, भिजला किंवा हरवला तर तपास जायचा तो याच सांध्यांवर. आजचा नेटवर्क इंजिनिअरही आधी सांधेच तपासतो: एका कंपनीचे जाळे संपते आणि दुसरीचे सुरू होते ती जागा.

इंटरनेट आले तेव्हाही सांधे दूरच होते. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सेवा सुरू केली ती मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत. 1998 मध्ये खासगी कंपन्यांना मुभा मिळाली, पण त्यांची जाळी देशात एकमेकांना भेटत नव्हती. भारतातल्या भारतात जायची पॅकेटे परदेशात जाऊन परत येत, आणि त्या फेऱ्याचे पैसेही परकीय कंपन्यांना मिळत. हे थांबवण्यासाठी 2003 मध्ये ‘निक्सी’ ही संस्था काढून इंटरनेट एक्स्चेंज, म्हणजे कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडणारी केंद्रे, उभारली गेली, पहिली पुन्हा महानगरांतच. नांदेडचा आणि लातूरचा ग्राहक दोन वेगळ्या कंपन्यांचे असतील, तर त्यांची पॅकेटे त्या कंपन्या जिथे भेटतात तिथे जाणार. ती जागा मुंबई असेल, हैदराबाद असेल, मांजरेच्या किंवा गोदेच्या काठी असण्याचा संभव कमी.

यावर कोणी म्हणेल, रूळ उखडायला वर्षे लागतात आणि राउटरची वाट चार ओळी लिहून बदलता येते, मग ही तुलना कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. पण राउटर ज्या फायबरमधून वाट निवडतो, ते कुठल्या तरी खोदलेल्या चरातच असते. रेलटेल ही सरकारी कंपनी 2000 मध्ये निघाली तीच रुळांच्या कडेने फायबर टाकण्यासाठी. आणि रुळांची जुनी वाटणी अजून टिकून आहे: नांदेड दक्षिण मध्य रेल्वेचे विभागीय ठाणे आहे. लातूर स्थानक मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. गेज बदलले तरी आखणी टिकून राहते, हे एप्रिल 2016 मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. तहानलेल्या लातूरला ‘जलदूत’ गाडी पाणी घेऊन आली ती मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे, सुमारे साडेतीनशे किलोमीटर. ब्रॉडगेज नवी होती, मार्ग बहुतांशी कॅलथ्रॉपच्या कंपनीचा होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: फेरा पडला तर पडू दे, जाणवतो कोणाला? फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईवरून हजार किलोमीटरचा वळसा घेतला तरी जाऊन-येऊन दहाएक मिलिसेकंद. खरेच, पान उघडताना ते कोणालाही कळणार नाही. वेगापुरता हा मुद्दा मान्यच करावा. फरक पडतो बिघाड झाल्यावर: मुंबईतला सांधा निखळला तर शेजारचे दोन जिल्हे एकमेकांना मुके होतात, आणि दोन्हीकडची केबल शाबूत असूनही दोन्हीकडचे लोक आपापल्या गावातला केबलवाला गाठतात. शिवाय ट्रेसराउट फक्त जाण्याची वाट दाखवतो. परतीची वाट वेगळी असू शकते. मधल्या एखाद्या टप्प्यावर पत्त्याऐवजी फुल्या आल्या तर लगेच दोष तिथलाच धरतात. पुष्कळदा त्या राउटरने फक्त उत्तर द्यायचे टाळलेले असते, माल मात्र नीट पुढे गेलेला असतो. पुढच्या टप्प्यांचे आकडे ठीक असतील तर मधल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही.

गावपातळीवर तर एकाच वाटेवर विसंबण्याचा दोष मुद्दाम बांधून घेतला गेला. 2011 मध्ये मंजूर झालेली आणि पुढे ‘भारतनेट’ नावाने ओळखली गेलेली योजना ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेत होती, तेही बहुतेक एका सरळ रेषेत: तालुक्यातून पहिल्या गावाला, तिथून पुढच्याला. रस्ता रुंद करताना जेसीबीने एका जागी तार तोडली की त्यापुढची सगळी गावे गप्प. तिथे ट्रेसराउट चालवला तर तार कुठवर शाबूत आहे तेवढे कळेल. दुसरी वाट त्याला सापडणार नाही, कारण ती घातलेलीच नव्हती. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने सुधारित योजना मंजूर केली, तेव्हा सरळ रेषेच्या जागी कडे आले, म्हणजे एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने जाता यावे.