शेवटच्या कडव्यातला वामन

भीमगीताचा, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांवरच्या गाण्याचा, मुरलेला श्रोता ध्रुपदावर डोलतो, मधल्या कडव्यांना दाद देतो, पण कान लावून बसतो ते शेवटच्या कडव्यासाठी. तिथं कवीचं नाव येतं. वामनदादा कर्डकांचं गाणं असेल तर ‘वामन’ येतो. गायक तिथं ठेका जरा ढिला सोडतो, हात वर नेतो, नावाची ओळ दोनदा-तीनदा घोळवतो आणि कोरस ती उचलून धरतो. हे नाव ओवायची रीत कुठून आली, नागपुरात ती कशी रुजली आणि आज ती कशी गळत चालली आहे, त्याची ही कुळकथा.

मूळ अर्थातच अभंगात. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा मराठी माणसाला शाळेपासून पाठ असते. पण आपल्या कथेचा खरा पूर्वज चौदाव्या शतकातला चोखामेळा. ज्याला देवळाच्या पायरीपलीकडे जाऊ दिलं नाही, त्यानं अभंगात मात्र ‘चोखा म्हणे’ म्हणून आपली जागा पक्की केली. त्याची बायको सोयराबाई स्वतःचं नाव न घेता चोख्याची महारी म्हणून सही करते. म्हणजे जात, नातं आणि कर्तृत्व तिघांची नोंद एकाच सहीत. छापखाना नव्हता, कॉपीराइटचा कायदा नव्हता. गाणं तोंडातोंडी फिरणार, हे ठाऊक असलेल्या माणसांनी मालकीचा दाखला गाण्याच्या पोटातच ठेवून दिला. तो काढायचा तर वृत्त मोडतं आणि यमकही फसतं. इतकी चोख व्यवस्था पुढच्या कुठल्याच कायद्याला जमली नाही, असं माझं मत आहे.

शाहिरांनी हीच रीत उचलली. पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपलं नाव, कधी गुरूचं नाव, कधी डफ-तुणतुणं वाजवणाऱ्या साथीदाराचंही नाव गोवतो. ‘होनाजी बाळा’ हे तर दोन माणसांचं जोडनाव. होनाजी शिलारखाने कवनं रचायचा आणि बाळा करंजकर ती गायचा. कवी मोठा की गायक, हा आजही न मिटलेला तंटा या दोघांनी एका सहीत मिटवून टाकला होता.

नागपूरकडे वळू. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे (१८७९–१९४६) हे या भागातले पहिले मोठे दुवे. नागपुरात त्यांनी मुलींसाठी शाळा काढली ती चोखामेळ्याच्या नावानं, आणि ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ अशा पत्रांच्या मालिकेत पुढं निघालेल्या एका पत्राचं नावही ‘चोखामेळा’च. लेख किती जणांना वाचता येणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून कीर्तन, भजन, जलसा ही हत्यारं त्यांनी वापरली. चोख्यापासून निघालेला धागा असा थेट गिरणीकामगारांच्या नागपुरात येतो. शेजारच्या कामठीनं आणखी एक देणगी दिली. बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) हे विडी कामगारांचे पुढारी. ‘जय भीम’ या अभिवादनाचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आज कुठलीही गायन पार्टी मंचावर आली की पहिला शब्द कामठीचा असतो.

तिकडे नाशिककडे भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गाजत होते. त्याच जिल्ह्यातल्या देशवंडीचा वामन कर्डक (१९२२–२००४) पोट भरायला मुंबईत आला, मोठेपणी अक्षरं शिकला आणि १९४३ साली पहिलं गाणं लिहून बसला, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर. या चाली उसन्या घेण्यावर पुढं पुष्कळ नाकं मुरडली गेली. मला त्यात हुशारी दिसते. चाल लोकांच्या ओठांवर आधीच बसलेली असते. शब्द तेवढे बदलायचे. नवी चाल शिकवायला सवड कुणाला होती? तबलजी नाही, पेटी नाही, तरी गाणं रातोरात पुढच्या गावी पोहोचायचं. शब्द उसन्या चालीवर बसलेले, गाणारा भलताच, गाव भलतंच. अशा वेळी रचणाऱ्याची खूण म्हणून उरायचं ते फक्त शेवटच्या कडव्यातलं नाव. चाल जितकी परकी, तितकी सही गरजेची.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे घडलं, त्यानं गाण्याचा बाजारच नव्यानं मांडला. महास्थवीर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, मग स्वतः लाखोंना दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. लोकांनी घरातले देव काढले. पण नामकरणाला पाळणा तर हवा, लग्नात मंगलगीत हवं, मयतीला रात्र जागवायला भजन हवं. जुनी भजनं गळून पडली आणि त्यांच्या साच्यांत नवी गाणी ओतली गेली. देव गेले, अभंगाची मोड राहिली. ती मोड राहिली म्हणून नाममुद्राही राहिली.

नागपूरकरांनी या गाण्याला कव्वालीचा बाज चढवला. कव्वाली काही नागपुरातच भीमगीतात शिरली असं नाही, मुंबईतही ती होतीच. पण ज्या शहराच्या एका अंगाला ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्याचं ताजबाग आणि दुसऱ्या अंगाला दीक्षाभूमी, तिथं तिचं बस्तान बसणं साहजिक होतं. या सुफी बाबांचा जन्मही (१८६१) कामठीचाच. टाळ्यांचा ठेका, एकच ओळ चढत्या सुरात पुन्हा पुन्हा, आणि शेवटी शायराचं नाव. उर्दूत त्या शेवटच्या शेराला मक्ता म्हणतात. चोख्याची सही आणि शायराचा मक्ता, दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या दोन सवयी नागपूरच्या मांडवात एकमेकींना भेटल्या आणि रीत दुप्पट पक्की झाली.

जुन्या श्रोत्यांना पोस्टरची भाषा आठवत असेल: ‘भीम-बुद्ध गीतांचा जंगी दुरंगी सामना’. एका मंचावर दोन गायन पार्ट्या, बहुधा एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका. ढोलक, पेटी, बेंजो, मागं चार-पाचांचा कोरस. एकानं सवाल टाकायचा, दुसरीनं जवाब द्यायचा. पहाटेपर्यंत वस्ती जागी. मधूनच कुणी दहाची नोट घेऊन मंचाजवळ येणार, निवेदक त्याचं नाव माइकवरून सांगणार. बक्षीस देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, तसंच गाणं रचणाऱ्याचंही पुकारलं जातं, फक्त ते गाण्याच्या आतून. या खेळात शेवटचं कडवं गाळणं म्हणजे डाव अर्धवट टाकून उठणं. समोरची पार्टी त्याबद्दल ऐकवल्याशिवाय राहायची नाही.

आता यंत्राची गोष्ट, कारण या रीतीचं बरंवाईट यंत्रांनीच ठरवलं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. भीमगीत सहा-सात मिनिटांचं. तबकडीवर बसवायचं तर कुठं तरी कात्री लागणारच, आणि कात्री शेपटाकडून लागते. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं लाँग प्ले तबकडी आणली. एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, म्हणून पुढं रॉक बँडांना ‘अल्बम’ नावाचा सलग ऐवज घडवता आला. आपल्या गायन पार्ट्यांच्या वाट्याला ती चैन आली नाही. त्यांचा अल्बम म्हणजे कॅसेट. फिलिप्सनं ती १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. पण भारतात तिचं पीक आलं ते ऐंशीच्या दशकात. तोवर एका-दोन कंपन्यांच्या मुठीत असलेला धंदा दोन यंत्रं आणि एक खोली असलेल्या कुणाच्याही आवाक्यात आला. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. चार-पाच गाणी, सगळी कडवी, सगळे आलाप आणि शेवटचा ‘वामन’ सहीसलामत.

त्या दीक्षेच्या आठवणीत दर विजयादशमीला लाखो लोक नागपूर गाठतात. दीक्षाभूमीच्या आसपास राहाटे कॉलनी, लक्ष्मीनगर, काचीपुरा या रस्त्यांकडेला पुस्तकं, मूर्ती, बिल्ले आणि त्या काळी कॅसेट. दरेक दुकानाचा भोंगा वेगळं गाणं ओकतोय, त्यातून आपलं शोधायचं. माणूस परत जाताना एक पुस्तक आणि एक कॅसेट नेणारच. कॅसेटचं कव्हर आठवा: वर निळ्या कोटातले बाबासाहेब, मागं बुद्धाचं तेजोवलय, खालच्या कोपऱ्यात सफारी घातलेला गायक. गायकाचं नाव ठसठशीत, कंपनीचं त्याहून ठसठशीत. कवी? असला तर आतल्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरात. कधी तिथं चक्क ‘पारंपरिक’ छापलेलं. कव्हरनं नाकारलेलं नाव फीत मात्र इमानदारीनं उच्चारायची. प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातली गाणी आणि पुढं आनंद-मिलिंद शिंद्यांची गाणी घरोघरी गेली ती अशी. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ सालीच गेले. एकानं हजारो गाणी लिहिली, दुसऱ्यानं अशी गाणी गावोगाव पोहोचवली. होनाजी आणि बाळासारखं जोडनाव मात्र त्या काळातल्या कवी-गायकांच्या नशिबी नव्हतं.

गाणं कुणाच्या नावावर, याच प्रश्नासाठी इथं थोडं लांब, कॅनडात, जाऊन येतो. किंग्स्टन नावाच्या मध्यम शहरात १९८४ साली ‘द ट्रॅजिकली हिप’ हा रॉक बँड जमला. अमेरिकेत त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. कॅनडानं डोक्यावर घेतलं. ‘फुली कंप्लीटली’ (१९९२) या अल्बममध्ये विमानासकट बेपत्ता झालेल्या हॉकीपटूची कथा आहे, न केलेल्या खुनापायी जवळजवळ दोन तपं तुरुंगात काढलेल्या माणसाचीही आहे. देशानं अर्धवट विसरलेलं त्यांनी गाण्यात नोंदवून ठेवलं. गायक गॉर्ड डाउनीला मेंदूचा असाध्य कर्करोग झाला आणि २० ऑगस्ट २०१६ ला बँडनं शेवटचा कार्यक्रम आपल्याच गावी केला. दूरचित्रवाणीवरून तो एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला; चौकाचौकांत पडदे लागले होते. आपल्या विषयाशी नातं आहे ते त्यांच्या एका रिवाजाचं: सुरुवातीची गाणी सोडली तर गाणी एकट्यादुकट्याच्या नावावर नाहीत, पाचही जणांच्या, म्हणजे बँडच्या नावावर. गाणं कुणाचं, या प्रश्नाला त्यांनी दिलेलं हे उत्तर. अल्बमवर नाव, आणि नावामागं पैसेही. आपल्याकडं नाव गाण्यात राहिलं आणि पैसे बहुतेक वेळा कंपनीच्या गल्ल्यात. गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा खऱ्या अर्थानं बांधला गेला तो कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर. तोवर कॅसेटचा जमाना आटोपलेला होता.

कॅसेटमागून सीडी आली, मग मेमरी कार्ड. एका कार्डावर पाचशे गाणी, कव्हर नाहीच. फाइलीचं नाव काय, तर ‘ट्रॅक ०७’. त्यामागून डीजे. आंबेडकर जयंतीच्या आदल्या रात्री, १३ एप्रिलच्या मध्यरात्री, नागपूरच्या संविधान चौकात जा. आतषबाजी, निळे झेंडे, तरुण पोरंपोरी बेभान नाचताहेत. पाहून ऊर भरून येतो, हे खरंच सांगतो. डीजेला नावं ठेवणाऱ्या सभ्य मंडळींशी माझं भांडण आहे, कारण वर्षातला एक दिवस रस्ता आपला म्हणून वापरणं हीही चळवळीचीच कमाई आहे. पण डीजे वाजवतो काय? ध्रुपद आणि पहिलं कडवं. दीड मिनिटात दुसरं गाणं. रीलमध्ये तर तीस सेकंद. ७८ फेऱ्यांच्या तबकडीनं जी कात्री लावली असती, तिच्याहून धारदार कात्री आज लागते आहे आणि ती नेमकी सहीवर पडते.

दखल घेणारे नाहीत असं नाही. नागपूरच्या पँथर्स पॉ पब्लिकेशनचे योगेश मैत्रेय यांनी या गाण्यांवर इंग्रजीत गंभीरपणे लिहिलं. मुंबईत ‘धम्मा विंग्ज’सारख्या बँडनं हीच परंपरा गिटारवर नेली. रेशीमबागेत २०१७ पासून कविवर्य सुरेश भटांच्या नावाचं भव्य सभागृह उभं आहे, आणि त्यांनी लिहिलेली भीमवंदना गावोगावच्या विहारांत म्हटली जाते. ती म्हणणाऱ्या किती जणांना कवी ठाऊक असतो, हे विचारून पाहावं. लोकशाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला दीक्षाभूमीच्या मंचावरच कोसळले आणि गेले. त्यांची आठवण निदान त्या आवाजामुळं आणि त्या जागेमुळं राहिली. ज्याचा आवाज कुठंच नाही, फक्त शब्द आहेत, त्याच्यासाठी नाममुद्रेवाचून दुसरी जागाच नाही.

म्हणून मागणं छोटं आहे. विजयादशमीला किंवा चौदा एप्रिलला मंचावर गाल, तर गाणं शेवटपर्यंत गा. डीजेवाल्यांनी निदान एक गाणं पूर्ण वाजवावं. यूट्यूबवर जुनी कॅसेट चढवणाऱ्यांनी गायकाखाली गीतकाराचं नाव लिहावं. कव्हरवर सापडलं नाही तर शेवटचं कडवं ऐकावं, तिथं ते असतं.