‘न्यूट्रल’ म्हणजे कशाच्या तुलनेत? महागड्या हेडफोनच्या आवाजाची तुलना आणि तिच्या मापपट्टीचा इतिहास

प्री-सिनॉप्सिसच्या सादरीकरणात मी एक तक्ता दाखवला होता. पाच महागडे हेडफोन, वर ‘न्यूट्रल’, खाली ‘रंगीत’. चार महिन्यांचं काम होतं, त्यामुळे मी जरा खुशीतच होतो. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, “न्यूट्रल म्हणजे कशाच्या तुलनेत?” मी म्हणालो, “ग्राफ सपाट आहे ना, म्हणून.” त्यांचा पुढचा प्रश्न, “आणि सपाट कशाच्या तुलनेत?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. सापडलेलं उत्तर इथे मांडतोय, कारण तुमचा विषय कुठलाही असो, हा प्रश्न तुम्हालाही कोणीतरी विचारणारच आहे.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. स्पीकरचं तुलनेने सोपं आहे. समोर मायक्रोफोन ठेवला, सगळ्या पट्ट्यांतला आवाज सारखा आला, की तो सपाट. हेडफोनचं तसं नाही. समोरून येणारा आवाज कानाच्या पाळीवर आपटतो, कानाच्या नळीत घुमतो आणि मगच पडद्यापर्यंत पोचतो. या प्रवासात काही पट्ट्या आपोआप वाढतात. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले एडगर शॉ यांनी १९७४ मध्ये अशी मोजमापं एकत्र करून छापली. २.५ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास ही वाढ सुमारे १५ डेसिबल भरते. म्हणजे कानाच्या पडद्याशी ‘सपाट’ आवाज देणारा हेडफोन आपल्याला सपाट वाटणारच नाही, उलट आवाज दबलेला आणि निर्जीव वाटेल. हेडफोनला तो उंचवटा स्वतःच तयार करावा लागतो. मग प्रश्न येतो, उंचवटा नेमका केवढा आणि कुठे? आवाज समोरून आला, बाजूने आला की चहूकडून आला, यावर तो आकार बदलतो. ‘साउंड सिग्नेचर’ची सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

पहिलं उत्तर होतं ‘फ्री फील्ड’. प्रतिध्वनी नसलेली खोली, समोर एक स्पीकर, आणि हेडफोनने त्याच्यासारखं ऐकू यावं ही अपेक्षा. बायरचा डीटी ४८ हेडफोन १९३७ चा. पुढे श्रवणविज्ञानाच्या प्रयोगांत तो इतका रुळला, की झ्विकर आणि फेल्टकेलर यांनी त्याचा आवाज फ्री फील्डशी जुळवून देणारं एक सर्किटच सुचवलं. आता बघा, प्रयोगशाळेचा हा लाडका हेडफोन ‘जसा आहे तसा’ न्यूट्रल नव्हता. जोड दिल्यावर तो संदर्भ बनला. माझ्या तक्त्यात हे कुठेच नव्हतं.

दुसरं उत्तर म्युनिकमधून आलं. तिथल्या इन्स्टिट्यूट फ्युर रुंडफुंकटेक्निक या प्रसारण-संशोधन संस्थेतल्या ग्युंटर टायले यांनी १९८६ मध्ये एक पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: समोरचा स्पीकर ऐकताना मेंदूला आवाजाची दिशा कळते, आणि त्या दिशेमुळे आलेला रंग मेंदू वजा करतो. हेडफोनमध्ये आवाज डोक्यातच ऐकू येतो, समोर काहीच नसतं. त्यामुळे वजाबाकी होत नाही आणि तो उंचवटा खटकतो. मग कुठल्याच एका दिशेचा नसलेला, चहूबाजूंनी सारखा येणारा आवाज संदर्भ म्हणून घ्या. हेच ‘डिफ्यूज फील्ड’. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस ७०८ या शिफारशीने स्टुडिओच्या हेडफोनसाठी हीच वाट धरली. एकेजीने तर आपल्या के-२४० च्या एका आवृत्तीच्या नावातच ‘डीएफ’ लावलं.

याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते. श्रवणयंत्रांचे अभ्यासक मीड किलियन यांच्या एटिमोटिक कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ हे कानाच्या आत बसणारे इअरफोन आणले. त्यांच्या ‘बी’ आवृत्तीत डिफ्यूज फील्डचा वक्र जवळपास जसाच्या तसा होता, पण ‘एस’ आवृत्तीत वरच्या पट्ट्या थोड्या खाली ओढल्या होत्या. कारण साधं आहे. बाजारातली रेकॉर्डिंग्ज खोलीत स्पीकरवर ऐकून मिक्स केलेली असतात, आणि खोलीत वरच्या पट्ट्या तशाही थोड्या कमी होतात. म्हणजे ‘बी’ खरा की ‘एस’? दोन्ही खरे, पण वेगवेगळ्या रेकॉर्डिंगसाठी.

तिसरं उत्तर हार्मन कंपनीतून आलं. शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सहा हेडफोनची आंधळी चाचणी घेतली. ऐकणाऱ्याला ब्रँड आणि किंमत दिसणार नाही, हेडफोन डोक्यावर दुसऱ्याने चढवायचा, अशी ती पद्धत. पण वजन आणि गादीचा स्पर्श तरी कळतोच ना? म्हणून पुढे एकाच हेडफोनवर बाकीच्यांचे आवाज नक्कल करून ऐकवले. २०१३ मध्ये त्यांनी थेट संदर्भांचीच तुलना केली. चांगल्या खोलीत चांगला स्पीकर जसा ऐकू येतो, त्याच्या जवळचा वक्र लोकांना डिफ्यूज फील्डपेक्षा जास्त आवडला. यात बेस काही डेसिबल जास्त असतो. आज ‘हार्मन टार्गेट’ म्हणतात ते हेच.

आता माझ्या तक्त्याकडे परत येऊ. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ चा. डिफ्यूज फील्डच्या पट्टीने मोजला, तर अगदी खालचा बेस उतरतो, बाकी बऱ्यापैकी जागेवर. हार्मनच्या पट्टीने तोच हेडफोन बेसमध्ये स्पष्ट उणा. ऑडीझचा एलसीडी-२ घ्या. त्याचा बेस खूप खोलवर सरळ रेषेत जातो. पहिल्या पट्टीने तो आदर्श बेस, दुसऱ्या पट्टीने थोडा कमीच! वरच्या मधल्या पट्टीत तो दबलेला आहे, हे मात्र दोन्ही पट्ट्या सांगतात. आणि सेनहायझरच्याच एचडी ८०० मध्ये ६ किलोहर्ट्झच्या आसपास जो टोकदारपणा आहे, तोही संदर्भ बदलून जात नाही. पुढे एचडी ८०० एस मध्ये कंपनीने तो शोषून घेणारी रचना बसवली. म्हणजे काही निष्कर्ष मापपट्टीवर अवलंबून असतात, काही नसतात. मी दोन्ही एकाच रांगेत बसवले होते. शिवाय माझे दोन ग्राफ एका संदर्भाचे होते आणि तीन दुसऱ्याचे, हे वेगळंच. चूक म्हणाल तर ही.

मग हार्मनची पट्टी शेवटची आणि खरी, असं म्हणायचं का? इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडं थांबावं. २०१९ मध्ये त्याच गटाने आपल्या श्रोत्यांची विभागणी छापली. सुमारे ६४ टक्के लोकांना हा वक्र पसंत, १५ टक्क्यांना बेस आणखी हवा, तर २१ टक्क्यांना कमी. म्हणजे तिसरी पट्टी ‘खरं काय’ हे मोजतच नाही, ‘बहुतेकांना आवडतं काय’ हे मोजते. प्रश्नच बदललाय. आणि हार्मनकडे एकेजी, जेबीएल हे ब्रँड आहेत, हेही लक्षात ठेवायचं. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पद्धत सगळी छापलेली आहे. पण हेडफोन विकणाऱ्याला ‘आवड’ मोजावीशी वाटणं आणि प्रसारण-संस्थेला स्टुडिओतल्या माणसाचा कान सांभाळावासा वाटणं, यात आश्चर्य नाही. प्रत्येक पट्टी कोणाच्या तरी कामासाठी कापलेली असते.

किंमतीचंही तसंच. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांचा संबंध त्यांना आढळला नाही. मी मात्र ‘महाग म्हणजे संदर्भाच्या जास्त जवळ’ असं गृहीत धरूनच नमुना निवडला होता.

तर आता एखादा जुना रिव्ह्यू किंवा ग्राफ हाती आला की मी वहीत आधी तीन गोष्टी लिहितो. हे कशाच्या तुलनेत मोजलंय? ती तुलना कोणत्या वर्षी, कोणी आणि कशासाठी ठरवली? आणि पट्टी बदलली, तर माझा निष्कर्ष टिकतो का? १९८० सालच्या लेखातला ‘न्यूट्रल’ आणि २०२० सालच्या लेखातला ‘न्यूट्रल’ हे दिसायला एकच शब्द असले, तरी पुरावा म्हणून दोन वेगळे शब्द आहेत.

नव्या प्रकरणात तो तक्ता नाही. त्याजागी तेच पाच हेडफोन, तीन पट्ट्यांनी मोजलेले, तीन रकान्यांत आहेत. कोण कुठल्या रकान्यात हलतो आणि कोण जागचा हलत नाही, हाच आता माझ्या प्रकरणाचा विषय झालाय. मॅडमना मसुदा पाठवला होता. समासात एकच ओळ लिहून आली: “आता बोलता येईल.”