प्लेगची वाट कोणी शोधली?

१/ आकुर्डीहून पुण्याकडे निघालेल्या लोकलचे पुढचे स्थानक चिंचवड, म्हणजे चापेकर बंधूंचे गाव. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळ्यांचा इतिहास आपण शाळेत वाचतो. त्या रात्री आणखी एक प्रश्न अनुत्तरित होता : प्लेग माणसापर्यंत पोहोचतो कसा?

२/ प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सँ यांनी शोधला होता. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी साथ ओळखली. जंतू माहीत होता, त्याची वाट माहीत नव्हती. तरीही रोगी माणूस आणि अस्वच्छ घर हेच मूळ मानून पुण्यात झडत्या झाल्या, सामान जाळले गेले, माणसे छावण्यांत नेली गेली. गृहीतक तपासण्याआधीच त्याची सक्ती झाली.

३/ त्याच सुमारास मुंबईत वाल्डेमार हाफकिन लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचली. पण एका माणसाचे धाडस म्हणजे पुरावा नव्हे. त्यासाठी तुलना हवी. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, उरलेल्यांना नाही. न टोचलेल्यांत १२ आजारी पडले, ६ दगावले. टोचलेल्यांत २ आजारी, मृत्यू एकही नाही.

४/ येथे शंका घ्यायलाच हवी. कैदी स्वेच्छेने पुढे आले होते, म्हणजे दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे होते असे म्हणता येत नाही. शिवाय लस उपयोगी ठरली तरी रोगाची वाट अज्ञातच राहिली.

५/ १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी पिसवा असलेला रोगी उंदीर एका भांड्यात ठेवला आणि निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात, त्याला स्पर्श होणार नाही असा. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. पिसवा नसताना मात्र रोग पसरला नाही. तरीही अनेक शास्त्रज्ञांनी हा निष्कर्ष वर्षानुवर्षे मानला नाही.

६/ १९०५ पासून मुंबईत प्लेग संशोधन आयोगाने पुन्हा पडताळणी सुरू केली. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. उघड्यावरचे मेले, पिसू शिरणार नाही अशा बारीक जाळीतले वाचले. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेलेही वाचले. हवा तीच, घर तेच, फरक फक्त पिसूचा. तेव्हा कोठे वाद मिटला.

७/ ‘उंदीर पडले’ की घर सोडून माळावर झोपडी बांधायची, हे आपल्याकडच्या लोकांनी अनुभवातून जाणले होते. प्रयोगाने त्यामागचे कारण दिले : उंदीर मेला की उपाशी पिसू माणसाकडे वळते.

८/ सिमाँ बरोबर होते, पण त्यांचे म्हणणे ज्ञान ठरले ते इतरांनी, दुसऱ्या शहरात, वेगळ्या रीतीने तपासल्यावर. चिंचवडचा चापेकर वाडा पाहाल तेव्हा सत्तेच्या जुलमाबरोबर हेही आठवावे : १८९७ चा अधिकारी आपल्या समजुतीविषयी निःशंक होता, आणि त्या निःशंकतेची किंमत पुण्यातल्या घराघरांनी मोजली.